एका पोटात चार बिऱ्हाडं

मी सूतिकागृहाचा सर्व्हर बोलतोय. जिन्याखालच्या खोलीत, फिनेलच्या डब्यांशेजारी घोंघावणारी काळी पेटी दिसते ना, तोच. कुणाला सवड असेल तर आत्ताच ऐका.

मला इथे आणलं डॉक्टरीणबाईंच्या धाकट्या दिरांनी. आधी इथे चार कॉम्प्युटर होते: नोंदणीचा, तपासण्यांचा, औषधांचा आणि हिशेबाचा. चारही थकलेले. भाऊजींनी बाह्या सरसावल्या, माझ्यात दोन डिस्क जोडीने बसवल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी काम निभावेल. मग ते चारही कॉम्प्युटर, म्हणजे त्यांच्यातलं सगळं काम आणि नोंदी, त्यांनी माझ्या पोटात उतरवले. बाहेरून मी एकच पेटी, पण आत चार बिऱ्हाडं. प्रत्येकाला वाटायचं, घर आपल्या एकट्याचंच.

"वहिनी, आता सगळा भार याच्या एकट्यावर आहे," भाऊजी म्हणाले. "याच्या जोडीला आणखी एक हवा. हा पडला तर चौघंही पडतील."

वहिनी म्हणाल्या, आधी हा तर नीट चालू दे.

मी नीट चाललो, हेच वाईट झालं.

पुढे भाऊजींनी अर्धा दिवस मागितला. तेवढा वेळ मला थांबवून, माझ्यातल्या सगळ्याची नक्कल दुसरीकडे उतरवली तर ती तिथे चालते का, हे त्यांना बघायचं होतं. बाहेर बायका ताटकळत होत्या. तुमच्या खेळासाठी पेशंटना थांबवू का, असं वहिनींनी सगळ्यांदेखत विचारलं. भाऊजींनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले, ते गेलेच.

माझ्या तक्रारी मात्र त्यांच्याच पत्त्यावर जात राहिल्या. पंखा अडतोय, कळवलं. एक डिस्क गेली, कळवलं. उत्तर नाही. माझा लाल दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली.

आज सकाळी उरलेली डिस्कही खरखरू लागली. मी शिट्टी वाजवत सुटलो. वहिनी आल्या, पट्टी सोलून पाहिली आणि इतक्या महिन्यांनी दिरांना फोन लावला. कशीबशी माफी मागितली.

"ते राहू द्या, वहिनी. मी निघालोच. तोवर त्याला बंद करू नका. डिस्क फिरतेय तोवर फिरेल. थांबली की संपलं."

वहिनी हो म्हणाल्या, तेवढ्यात नर्सने हाक मारली. वर एकीच्या कळा वाढल्या होत्या. त्या तशाच धावल्या आणि खाली कुणाला सांगायचं राहूनच गेलं.

त्या बाईला कुठलं इंजेक्शन चालत नाही, हे फक्त माझ्याकडे लिहिलेलं आहे. आता वरून तेच विचारतायत. मी शोधतोय, अडखळतोय, पुन्हा शोधतोय.

आणि काउंटरवरच्या ताई खोलीत आल्यात. स्वभावाने फार चांगल्या. त्यांची स्क्रीन केव्हाची अडकली आहे, समोर रांग लागली आहे.

"बंद करून चालू केलं की होईल," असं पुटपुटत त्या वाकल्यात. त्यांचं बोट माझ्या बटणावर टेकलंय.

ताई, जरा दम धरा. उत्तर सापडलंय. तेवढं वर पोचू द्या.