कापसाचे बोळे

सत्तरी उलटल्यावर मी आत्मपरीक्षणाचा अल्बम केला. आत्मपरीक्षण म्हणजे, मुलाखतीला कुणी येत नाही म्हणून आपणच आपल्याला प्रश्न विचारायचे. जन्मभर टेक्सासच्या बारमधून गिटार बडवली, ॲम्प्लिफायर कायम उजव्या कानाशी. आता एकदा आत डोकावून हळू आवाजात गायलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही धाकधूक होतीच.

त्यातून हळू आवाजातलं मला ऐकूच येत नाही. स्टुडिओतली मंडळी ‘झकास’ म्हणत होती, पण नुसते ओठ बघून ते ‘खलास’ही असू शकतं. सोमवारी रेकॉर्ड कंपनीला होकार कळवायचा होता. हा अल्बम टाकाऊ निघाला, तर दुसरा करण्याएवढं आयुष्य हाताशी नव्हतं.

घरात धड कान एकट्या व्हर्लीनचे. माझी ही बायको पहिल्या कार्यक्रमापासून कानांत कापसाचे बोळे घालून बसायची, तेही पुढच्या रांगेत. त्याचा मी वर्षानुवर्षं राग धरला. आता त्याच कानांपुढे हात पसरायची वेळ आली.

ती गंबोच्या रश्शासाठी भेंडी चिरत होती. मी रेकॉर्ड लावताच सवयीनं तिचा हात कापसाच्या बरणीकडे गेला.

“आज नको घालूस. हळू आहे,” मी म्हणालो.

“तू आणि हळू? बरं वाटत नाहीये का, रॉइस?”

पण बरणी तिनं बंद केली. थोड्या वेळानं सुरीही थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत मान डोलावत राहिलो.

“संपलं केव्हाच,” ती माझ्या डाव्या कानात ओरडली. “डोलतोयस कशाला?”

“कसं झालंय?”

“तिसऱ्या गाण्यात खुर्ची करकरते. पाचव्यात तू रडून नाक ओढलंयस.”

“काढून टाकतो.”

“खुर्ची काढ. नाक राहू दे, तेवढंच तुझं सुरात आहे. सोमवारी हो म्हणून टाक.”

“पाचवं तुझ्यावर आहे,” मी म्हणालो. “ते कसं वाटलं?”

ती उठली आणि माझ्या उजव्या, ठार बहिऱ्या कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलली. गालाला तिचा श्वास लागत होता.

“अगं, डाव्या कानात सांग की.”

“इतकी वर्षं बोळे मी घातले,” ती डाव्या बाजूला येऊन म्हणाली. “आता तुझी पाळी.”

ती परत भेंडीकडे वळली. मला रडू आलं. सुरात आलं की नाही, ते तिलाच ठाऊक.