शुक्रवारचा शिक्का

शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी एका तक्रार अर्जावर उमटलो. त्या ठशाने एका बाईची नोकरी परत मिळण्याची वाट बंद झाली.

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो. कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या आवक टेबलावर माझी जागा. कोणता कागद कोणत्या दिवशी मिळाला, ते मी सांगतो. शिक्केवाल्याने माझ्या पोटात दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन रबरी पट्टे बसवले, वर लाकडी मूठ लावली आणि न्यायला आलेल्या शिपायाला बजावले, "रोज फिरवत जा रे, नाहीतर पट्टे चिकटतील."

पहिली नऊ वर्षे मी एका आवक बाईंच्या हाताखाली काढली. कागद हातात पडला की आधी शिक्का, मग पाण्याचा घोट, असा त्यांचा खाक्या. अर्जदाराच्या प्रतीवरही त्या मला उमटवत आणि म्हणत, "जपून ठेव. उद्या मी इथे नसेन, कागद असेल." तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने माझा ठसा उजेडात धरून वाखाणला होता.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी एक कारकून आले. ते काही वाईट नव्हते. फक्त रोज तारीख फिरवायचा त्यांना कंटाळा. आठवडाभराचे कागद ते ट्रेमध्ये साठवत आणि शुक्रवारी एकदाच धडाधड शिक्के मारत. माझी शाईची गादी सुकली, दिवसाच्या पट्ट्याला चीर गेली. कोणाचे काही अडले नाही, म्हणून कोणी काही बोलले नाही.

मग एका मंगळवारी काजवाली आली. शर्टांना काजे करायची म्हणून सगळे तिला तेच म्हणत. दर वर्षी नव्या होणाऱ्या करारावर ती सहा वर्षे राबत होती. सुपरवायझर कापड मोजायच्या निमित्ताने भांडारात बोलावतो आणि अंगचटीला येतो, असा तिचा अर्ज होता. तिने दोन प्रती आणल्या होत्या.

"दादा, पोहोच द्या."

"शुक्रवारी या ना, ताई. एकेका कागदासाठी गादी कुठे भिजवू?"

"असा उघड्यावर राहील हो तो."

"इथे काय वाघ येतोय खायला?"

वाघ आला नाही. बुधवारी सुपरवायझर आला, कारकुनांशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता ट्रे चाळून गेला. गुरुवारी काजवालीच्या हातात पत्र पडले. काम समाधानकारक नसल्याने करार संपवण्यात येत होता.

शुक्रवारी ती आपली प्रत घेऊन आली. कारकुनांनी मला उचलले.

"मंगळवारची तारीख टाका, दादा. मंगळवारीच दिलाय मी."

"मागची तारीख? तो गुन्हा आहे, ताई. माझी नोकरी घालवता का?"

"मग मंगळवारी मिळाला, एवढं तरी लिहून द्या."

"म्हणजे मलाच विचारतील, तीन दिवस काय झोपला होतास?"

दोन्ही प्रतींवर मी स्वच्छ उमटलो. इतका स्वच्छ मी कित्येक महिन्यांत उमटलो नव्हतो.

चौकशी समितीपुढे मलाही पिशवीत घालून नेले. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. काढल्याचे पत्र गुरुवारचे, तक्रार शुक्रवारची. नोकरी गेल्याच्या रागातून केलेली तक्रार, असा निष्कर्ष निघाला. कारकुनांना विचारले तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "आठवत नाही, साहेब. शिक्का आहे ना समोर." काजवाली त्यांच्याकडे बघत राहिली. मला तोंड आहे, पण ते एकच वाक्य बोलते, आणि ते बोलून झाले होते.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्या हाताखाली माझ्यासारखा एखादा येईल. त्याची गादी ओली ठेवा, कागद आला त्याच दिवशी त्याला कामाला लावा. आणि टेबलासमोर उभे राहायची वेळ आली, तर पोहोच घेतल्याशिवाय हलू नका, कोणी हसले तरी. हे सांगून काजवालीचे काही भले होणार नाही, ते मला कळते.

तिने अपील केले आहे. त्याची नोटीस सोमवारी कारखान्यात आली. सुनावणीच्या तारखेची जागा नोटिशीत कोरी सोडलेली आहे.