बाटलीतला वास

चांगुणाने स्टार्च घातलेल्या नमुन्यात आयोडीनचा पहिलाच थेंब सोडला आणि पाणी निळं झालं. सल्फाइड असतं तर त्याने थेंब तिथल्या तिथे गिळला असता, निळा रंग टिकलाच नसता.

सातपूरच्या त्या प्रयोगशाळेत खाणींवरून पाणी यायचं आणि त्यात गंधकाचं काय काय आहे ते चांगुणा मोजायची. आजची बाटली मात्र तिच्या धाकट्या भावाच्या, मंगळूच्या टाकीतली होती. दगड दळून तांबं काढतात त्या टाकीचा गाळ उपसताना तो मागच्या आठवड्यात कोसळला होता. खाणीवरचे साहेब म्हणाले, प्यायला असेल. मंगळू काही संत नव्हता, पण कामावर थेंबाला शिवत नसे. उद्या सकाळी त्याने पुन्हा उतरायचं, नाहीतर कायमचं घरी बसायचं. पाण्यात सल्फाइड निघालं तरच इन्स्पेक्टर टाकी बंद करणार होता.

बाटली घेऊन आलेली भावजय, चतुराबाई, बाहेर बाकावर बसली होती. चांगुणा धावतच गेली.

"चतुरा, बूच उघडलं नव्हतंस ना?"

"उघडलं की! लय घान वास, ताई, कुजक्या अंड्यावानी. सगळी एसटी वराडाया लागली, कंडाक्टर म्हनला फेकून दे. फेकू कशी? मंग बूच काढून खिडकीभाईर धरून बसले. हात भरून आला, पन वास पार घालवला बघा."

शाबासकीसाठी ती हसली. या बाईवर रागवायचं तरी कसं? गाडीभर शिव्या खाऊन तिने नेमकं मोजायचं तेच घालवलं होतं.

चांगुणाने आत जाऊन प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढे, यादवसाहेबांपुढे, हात जोडले. "अहवालात थोडं तरी सल्फाइड लिहा, साहेब."

"सापडलं नाही ते लिहू कसं, चांगुणाबाई? दुसरा नमुना आणा."

"तोवर भाऊ खाली उतरलेला असेल हो!"

यादवसाहेबांनी एक रिकामी बाटली तिच्यापुढे सरकवली. दुसऱ्या कुणासाठी तिनेही हेच उत्तर दिलं असतं, आणि त्याचीच तिला चीड आली.

बाहेर चतुराबाई पिशवी आवरत होती. "काय निघालं, ताई?"

"काही नाही निघालं."

"बरं झालं बया!" तिने पदराने डोळे पुसले. "संध्याकाळच्या गाडीनं जाते आन् सांगते, बिनघोर उतरा म्हनून."

चांगुणाने तिचा दंड घट्ट धरला. "अगं नको! बाटलीतलं विष वाऱ्यावर गेलं, टाकीतलं तिथंच आहे. तो वासच विष होता, चतुरा. मंगळूला उतरू देऊ नकोस, तुझ्या पाया पडते."

चतुराबाईने पिशवी पुन्हा बाकावर ठेवली.

"आता काय सांगून अडवू त्यांना, ताई?" ती म्हणाली. "ते म्हनत्यात, माझ्या बहिनीनं मोजलेलं कधी चुकत नाय."