बाटलीवरचं बारीक अक्षर

घरात मला डेक्सा म्हणायचे. हे नाव वहिनीनं पाडलं, आणि त्याला कारण मीच.

मी प्रयोगशाळेत मदतनीस आहे. शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. सकाळी खाटकाकडून बर्फाच्या डब्यातून बोकडाचे डोळे आणायचे, एकेक डोळा कापून आतलं भिंग अलगद बाहेर काढायचं, काचेच्या बशीत ठेवायचं, बशीवर चिठ्ठी लावायची. भिंग बोराएवढं, पाण्यासारखं स्वच्छ. खाली छापील कागद सरकवला की त्यातून अक्षर न् अक्षर वाचता येतं. निम्म्या बश्यांत नुसतं पोषक पाणी घालायचं आणि निम्म्यांत एक औषध, डेक्सामेथासोन. मग रोज पाहायचं, खालचं अक्षर दिसतंय की धूसर झालंय. औषधाच्या बश्या चार-पाच दिवसांत दुधाळ व्हायला लागायच्या.

ते मारुतीच्या शेपटीएवढं लांब नाव दिवसातून तीस चिठ्ठ्यांवर हातानं लिहायचं. घरी येऊन मी त्या नावाच्या नावानं बोटं मोडायचो. वहिनीला त्याची भारी गंमत. कधी उठायला उशीर केला तर दारातून हाक यायची, उठा डेक्सामेथासोन, आठ वाजले. त्याचं पुढं डेक्सा झालं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई नव्हती, आणि शाळेत माझी गाडी बाराखडीतच अडकलेली. वाचायला मला हिनं शिकवलं, अक्षराखाली बोट ठेवून. मी अंदाजानं पुढचा शब्द ठोकून दिला की टपली बसायची. आहे ते वाच, तुझ्या मनातलं नको, असं म्हणायची. दादा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझं लग्न का झालं नाही ती वेगळी रड आहे, ती इथं नको. वहिनी एका शिंप्यासाठी हातानं काजं करते. कोटाचं काज, टाक्याला टाका चिकटलेला. तिच्या हाताचं काज असलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, असं तो शिंपीच सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. टाळून टाळून किती टाळणार?

तीन वर्षांपूर्वी कापडाच्या धुळीनं वहिनीचे डोळे चुरचुरायला लागले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून आठ दिवसांचे थेंब मिळाले, बरं वाटलं. बाटली संपल्यावर पुन्हा चुरचुर. तिनं मला विचारलं, हे आणखी घातले तर चालतील का रे? मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. डोळ्यांच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढलेला माणूस मी, मला कोण शिकवणार! म्हटलं, घाल गं, काही होत नाही. ओळखीच्या दुकानदाराला कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाव सांगायचो, तो चिठ्ठी न मागता द्यायचा. दर महिन्याला एक बाटली. रिकाम्या बाटल्या ती टाकत नसे. टोपण काढून धुवायची, सुकवायची आणि त्यात सुया ठेवायची.

मग ती म्हणायला लागली की उन्हात सगळं पांढरं दिसतं, सुईचं नेढं सापडत नाही. वय झालं, असं मीच म्हटलं. बावन्न हे काय वय आहे? एक दिवस तिनं नवी बाटली माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, खाली बारीक काय लिहिलंय वाच बरं, मला नुसत्या मुंग्या दिसतात.

मी वाचलं. कंपनीच्या नावाखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, ते माझंच नाव होतं. ज्या हातानं तीस-तीस चिठ्ठ्या लिहिल्या त्याच हातानं छत्तीस बाटल्या आणल्या, आणि एकदाही डोळे उघडून पाहिलं नाही.

वहिनी वाट पाहत होती. मी म्हटलं, "दिवसातून दोन वेळा, असं लिहिलंय."

ती बरं म्हणून कामाला लागली. त्याच संध्याकाळी मी ती बाटली उचलली आणि तिच्या जागी डोळे नुसते ओले ठेवणारे साधे थेंब आणून ठेवले. कंपनी बदलली, औषध तेच, असं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडमना उगाच विचारल्यासारखं विचारलं, की हे भिंग आपोआप साफ नाही का होत? मॅडम नाही म्हणाल्या. भिंगाला ना रक्त, ना नस. कडेला नवी पेशी जन्मते, लांब होते, पोटातलं सगळं, अगदी केंद्रकसुद्धा, टाकून देते, तेव्हा कुठं ती पारदर्शक होते. जुनी पेशी कधीच बाहेर पडत नाही. आपण आईच्या पोटात असतानाच्या पेशी अजून मधोमध बसलेल्या असतात. या औषधानं काही पेशी पोटातलं न टाकताच मागच्या बाजूला जाऊन फुगून बसतात. त्या बसल्या की बसल्या. मी मान डोलावली आणि डबा धुवायला गेलो. माझ्याही पोटात जे होतं ते तिथंच राहिलं.

शेवटी तिला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिव्याखाली बराच वेळ पाहिलं. मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या अंगाला आहे आणि डोळ्यातला दाबही वाढलाय, असं म्हणाले. कुठले थेंब घालता विचारल्यावर वहिनीनं पिशवीतून साध्या थेंबांची बाटली काढून दिली. तीन वर्षं हेच घालतेय, आमचा दीर आणून देतो, डोळ्यांच्या कामातलाच आहे, असंही कौतुकानं सांगितलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. यानं काही होत नाही, असं म्हणत डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस लिहिला आणि नंतर महिनाभर घालायच्या थेंबांची चिठ्ठी माझ्या हातात दिली. पहिलंच नाव तेच होतं.

मोती काढता येतो, पण दाबानं काचबिंदू झाला तर गेलेली नजर परत येत नाही, एवढं बावीस वर्षांत माझ्याही कानावर आलं होतं. वहिनीला रक्त तपासायच्या रांगेत बसवलं आणि मी परत आत गेलो.

"डॉक्टर, तिनं सांगितले ते थेंब नव्हेत. तीन वर्षं हे घातलंय." चिठ्ठीवरच्या नावावर बोट ठेवलं. "मी आणून दिलंय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठी घेतली, ते नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि वहिनीला पुन्हा आत बोलावलं. तासभर तपासणी चालली. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती. भिंग बदलता येईल, दाबानं सुकलेली नस नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला माहीत आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं.

"ऑपरेशननंतर आठ दिवसांनी तपासणीला याल, तोवर तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर वहिनी घरभर लहान मुलासारखी वाचत सुटली. साबणाचं वेष्टण, जुनं वर्तमानपत्र, कॅलेंडरच्या मागची बाजू. मी रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. चहा झाला की सांगू, तिचं जेवण होऊ दे मग सांगू. असे पाच दिवस गेले. भित्रा, दुसरा शब्द नाही.

सहाव्या दिवशी दुपारी ती खिडकीशी शिवणाचा डबा घेऊन बसली होती. सुयांची एक बाटली उजेडात धरून म्हणाली, "डेक्सा, इकडं ये. यावर तुझं नाव आहे."

मी गेलो. तिनं त्या अक्षरांखाली बोट ठेवलं, अगदी पूर्वीसारखं.

"वाच."

मी वाचलं. पूर्ण वाचलं. मग सगळंच सांगितलं, बश्या, दुकानदार, बदललेली बाटली, डाव्या डोळ्याची नस. माफी मागितली, रडलो.  माझं झाल्यावर ती म्हणाली, "आणलेस ते माहीत नव्हतं म्हणून आणलेस. मागितले मीच होते. पण त्या दिवशी मला दिसत नव्हतं, म्हणून तुला वाचायला दिलं होतं."

मग तिनं एकेक बाटली उघडून सगळ्या सुया एका कागदावर काढल्या. उठून आत जाताना दाराची डावी चौकट तिला दिसली नाही, खांदा आपटला. मी धरायला गेलो तर हातानंच नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला. आठ वाजून गेले. हाक आली नाही. बाहेर आलो तर टेबलावर चहा झाकून ठेवलेला आणि ती खिडकीशी काज करत बसलेली, मान किंचित डावीकडे वळवून.

"भावजी," मान वर न करता ती म्हणाली, "चहा ठेवलाय. घ्या तुम्ही."