कवचगुरूंच्या दोन वाट्या

मोठे साहेब, हे तुम्हीच केलंत. रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून कामगारांना वाचवायचं प्रशिक्षण द्या, असा वरून कागद आला आणि तुम्ही रोगाविरुद्ध कवच बसवून देतो म्हणणाऱ्या कवचगुरूंना बोलावलंत. डॉक्टर तुमच्याच दवाखान्यात, एक जिना खाली बसतात. तेवढा जिना काही तुमच्यानं उतरवला नाही.

बुधवारी सभागृह खच्चून भरलं होतं. सफाईवाले, आया, धुलाईच्या बायका, सगळे मिळून बेचाळीस जण रांगेत. पुढे टेबलावर काचेच्या दोन वाट्या आणि टेबलामागे कवचगुरू. कपडे असे पांढरेशुभ्र, की धुलाईच्या बायकांनाही हेवा वाटावा.

"रोग बाहेरून येत नाही, मंडळी. त्याला आत जागा लागते. ती जागा मी बंद करतो."

असं म्हणून त्यांनी रांगेतल्या पहिल्या सफाईवाल्याच्या बोटाला सुई टोचली. थेंब पहिल्या वाटीत पडला आणि पांढरा फेस फसफसून वर आला. "बघा, आतला मळ उसळला." मग त्यांनी मनगट धरलं, डोळे मिटले, सात श्वास मोजले आणि तेच बोट दुसऱ्या वाटीवर पिळलं. थेंब मुकाट तळाशी गेला. "कवच बसलं. आता सुई टोचो, रक्त उडो, तुम्हाला धक्का लागणार नाही. पुढचे या." कापसाच्या बोळ्यानं सुई पुसून ते पुढच्या बोटाकडे वळले.

दाराशी उभ्या मावशीनं हे पाहिलं. बावीस वर्षं ती याच दवाखान्याच्या धुलाईत होती, साहेबही तिला मावशीच म्हणत. रांगेत सहावी तिची सून होती, त्याच धुलाईत कामाला. मंगळवारी सकाळी नऊला मळक्या चादरी निवडताना कुणीतरी चादरीत गुंडाळून टाकलेली वापरलेली सुई सुनेच्या तळहातात शिरली होती. जाड हातमोजे फाटून सात महिने झाले होते; नव्या हातमोज्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता. सून साहेबांकडे गेली, तर साहेब म्हणाले, "उद्या शिबिर आहे ना, तिथं सगळं होऊन जाईल."

झालं. बुधवारी शिबिरानंतर संध्याकाळी मावशी म्हणाली, "चल, खाली डॉक्टरांना हात दाखवून येऊ."

"कशाला, आई? गुरुजी म्हणाले, माझं रक्त सगळ्यात जास्त उसळलं आणि सगळ्यात लवकर शांत झालं."

"रक्त आहे का दुधाचं पातेलं?"

"तुमचा कशावरच विश्वास नाही," असं म्हणून सुनेनं आठ महिन्यांच्या लेकीला पदराखाली घेतलं आणि पाजायला बसली. मावशीनं पुढचं ताट बाजूला सारलं.

गुरुवारी सकाळी मावशीनं ऑपरेशनची चादर पसरली आणि रोजच्यासारखं तपकिरी बाटलीतलं डागाचं औषध रक्ताच्या डागावर ओतलं. पांढरा फेस फसफसून वर आला. मावशी बाटली हातात धरून उभीच राहिली. बावीस वर्षं हा फेस रोज नाकाखाली यायचा. काल तो ओळखू आला नव्हता, कारण काल तो टेबलावर होता आणि समोर पांढरे कपडे होते.

तिनं चादर उचलली आणि सभागृह गाठलं. आज दुसऱ्या पाळीची रांग होती. नुकतंच ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला कवच बसलं होतं.

"गुरुजी, या चादरीलाही मळ लागलाय. हिचंही बघा की."

लोक हसले. गुरुजीही हसले. तेवढ्यात मावशीनं पहिली वाटी उचलून थोडी डागावर ओतली. फेस. मग दुसरी शेजारच्या डागावर ओतली. चादर नुसती ओली झाली.

"ड्रायव्हरदादा, तुमचं रक्त शुद्ध झालं ना? मग त्याच बोटाचा थेंब पहिल्या वाटीत पाडा."

गुरुजींनी वाटीवर हात ठेवला. "शुद्ध झालेल्याची परीक्षा घ्यायची नसते. कवच रुसतं."

"रुसलं तर समजूत काढू," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं वाटी ओढून घेतली. थेंब पडला. फेस आला, पहिल्यासारखाच.

"पहिल्या वाटीत आमचं डाग काढायचं औषध आहे," मावशी म्हणाली. "त्यात कुणाचंही रक्त पडू दे, माझं, तुमचं, साहेबांचं, फेस येणारच. दुसऱ्या वाटीत नळाचं पाणी आहे. सात श्वास मोजा नाहीतर सातशे."

गुरुजी पिशवी आवरत "जिथं श्रद्धा नाही तिथं..." असं काहीतरी पुटपुटले. कुणी ऐकलं नाही. दाराशी उभी असलेली सून आपल्या तळहाताकडे बघत होती. ती जिना उतरू लागली. मावशी तिच्या मागे.

"सुई कधी टोचली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंगळवारी नऊला."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. "एचआयव्ही रोखायच्या गोळ्या पहिल्या तासा-दोन तासांत सुरू करायच्या असतात. बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. तुमचे पन्नास गेले. आता अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. काविळीची लस झालीय?"

"कुणी दिलीच नाही."

"बरं. आणि तपासण्या होईपर्यंत बाळाला अंगावर पाजू नका."

"मला काही होणार नाही ना, डॉक्टर?"

"मंगळवारी आला असतात, तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं."

मावशी हळूच म्हणाली, "कालच्या बेचाळीस बोटांना आणि आजच्यांनाही सुई एकच होती. कापसानं पुसायचे."

डॉक्टरांचा पेन थांबला. "पुसून काही जात नाही. कुणाचं रक्त कुणाच्या बोटात गेलं, देव जाणे. सगळ्यांना बोलवा. आत्ता."

मावशी साहेबांकडे गेली, सगळ्यांना खाली डॉक्टरांकडे पाठवा म्हणाली. साहेबांनी कागद पुढे सरकवला. बेचाळीस सह्या. "प्रशिक्षण रीतसर झालंय, मावशी. सगळ्यांनी सही केलीय."

लोकहो, रोग्याच्या रक्तापासून वाचवतात ते जाड हातमोजे, सुया टाकायचा बंद डबा आणि वेळेवर घेतलेली लस. वापरलेली सुई टोचली, तर भरपूर वाहत्या पाण्याखाली साबणानं हात धुवा आणि त्याच पावली डॉक्टरांकडे जा. कुणी वाटीत फेस दाखवला, तर आधी विचारा, वाटीत काय आहे. विचारायला शिक्षण लागत नाही. मावशी चौथी नापास आहे.

आणि मोठे साहेब, सुनेचा शेवटचा अहवाल यायला महिने आहेत. बेचाळीस घरांमध्ये आणि दुसऱ्या पाळीच्या घरांतही तोवर कुणाला नीट झोप लागणार नाही. हातमोज्यांचा अर्ज सात महिने का कुजला? मंगळवारी ती बाई तुमच्यासमोर तळहात धरून उभी होती, तेव्हा तिला एक जिना खाली का पाठवलं नाही? तोंडी नको. लिहून द्या.