पोटाच्या तीन गोळ्या

डॉक्टर दर्शनाने एक्स-रेची फिल्म उजेडाच्या काचेवर लावली, काढली आणि उलटी करून पुन्हा लावली. पोटात काहीच दिसत नव्हतं.

"दगडूभाऊ, तिन्ही गोळ्या घेतल्या होत्या ना?"

"खलास केल्या, बाई." दगडू शर्टाची बटणं लावत हसला. आखातातल्या अल कुसैसच्या कामगार कॅम्पात राहणारा हा चाळिशीचा कोकणी सुतार शुक्रवारची सुट्टी साधून आला होता. व्हिसा परवाच आणखी दोन वर्षांसाठी वाढवून मिळाला, हे त्याने दारातच सांगून टाकलं होतं.

खाल्लेलं अन्न धडधाकट माणसाच्या पोटातून बाहेर पडायला किती वेळ घेतं, ते दर्शनाला मोजायचं होतं. त्यासाठी तिने दगडूला तीन गोळ्या दिल्या होत्या. पहिल्या सकाळच्या गोळीत बारीक कड्या, दुसऱ्या सकाळच्या गोळीत काड्या, तिसऱ्या सकाळच्या गोळीत ठिपके. ह्या खुणा पोटात विरघळत नाहीत, फिल्मवर पांढऱ्या उमटतात. निदान कालचे ठिपके तरी आत असायलाच हवे होते.

"कालची गोळी गेली कुठे?"

दगडूचा हात वरच्या बटणावर थांबला.

"बाई, तुम्ही म्हणालात पोटाच्या गोळ्या. माझं पोट चांगलं हाय. माझ्या खोलीतल्या परकाशचं महिनाभर दुखतंय. कॅम्पात औषध कुणालाही मिळू दे, खातो तो ज्याचं दुखतं."

"मग तो डॉक्टरकडे का जात नाही?"

"आजारी म्हटलं की कंपनी तिकीट काढून घरी पाठवते. त्याच्या घराच्या भिंती झाल्यात, छप्पर व्हायचंय."

प्रकाश बाहेरच बाकावर बसला होता. फिरायला म्हणून तो दगडूबरोबर बसने आला होता. आत बोलावताच त्याने दगडूकडे डोळे वटारले.

"दगड्या, मला पकडून दिलंस व्हय?"

"यल्ला, चल, ऊठ. फोटोच काढायचाय."

फिल्म ओली होती, तशीच दर्शनाने काचेला लावली. कड्या, काड्या, ठिपके. तीन दिवसांचं सगळं एका जागी गच्च बसलेलं, त्यापुढे वाट बंद. मागचं आतडं मनगटाहून जाड फुगलं होतं.

"बघ रे," प्रकाश म्हणाला, "तिन्ही शिफ्टची माणसं एकाच खोलीत कोंबलीत. आपल्या कॅम्पासारखी."

तो एकटाच हसला.

"आत्ताच्या आत्ता दाखल व्हायला हवं," दर्शना म्हणाली. "उद्यापर्यंत थांबता येणार नाही."

"कंपनीला कळेल?"

"कळवावंच लागतं."

प्रकाश पोट धरून उठला आणि दाराकडे निघाला. दगडू दारात आडवा उभा राहिला. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं.

"गोळ्या माझ्या नावाच्या होत्या, बाई. ह्या फोटोवर पण माझंच नाव असू दे. कंपनीला तेच कळवा."

दर्शनाने ओळखपत्र उचलून त्यावरचं नाव वाचलं.

"तुम्हाला परत पाठवतील ते."

"मला नायतरी घरीच जायचं होतं," दगडू म्हणाला, आणि प्रकाशला खुर्चीत बसवून त्याच्या पायातल्या चपला काढू लागला.