माझ्या पानावर अकरा ओळी मोकळ्या आहेत

माझी शिवण सहा ठिकाणी उसवली आहे. आधी मी माझा हा राग बाहेर काढतो, मग माझी ओळख सांगतो. मी सालवडच्या आत्मारामच्या घरातला जुना बायबल ग्रंथ. हजारावर पानं आहेत माझ्यात. पण मध्ये दोन महिने मला उघडलं ते त्याच सहा जागी. बोट ठेवायचं, भांडायचं, मिटायचं. बाकीच्या पानांना वारासुद्धा लागला नाही.

वचनांचा अर्थ सांगायचा मला अधिकार नाही. मी आपला कागद, दोरा आणि काळा पुठ्ठा. आत्मारामचे वडील नागोराव, त्यांना मी लग्नात आहेर म्हणून मिळालो. ते नगरहून तारापूरच्या कारखान्यात कामाला आले, तेव्हा कपड्यांच्या घडीत गुंडाळून मला आणलं. तेव्हा माझ्या पानांना कोऱ्या कागदाचा वास होता.

माझ्या पुठ्ठ्याच्या आत रेघांचं एक पान आहे. त्याचा या घरात मोठा मान. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, सगळं तिथे शाईने लिहायचं. ज्याचं नाव पानावर, तो घरचा.

आत्मारामची मुलगी मेघाली औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. माकुणसारची तेजल तिच्यासोबतच काम करते. चार वर्षं दोघी पालघरला एकत्र राहतात, एकमेकींची आजारपणं काढतात. एका रविवारी मेघाली मला मांडीवर घेऊन बापासमोर बसली.

"बाबा, मंडळीनं आमचं लगीन लावावं असं मी म्हणत नाय. कायदाबी लावत नाय. माझ्या नावापुढं तेजलचं नाव लिवा, एवढंच."

आत्माराम वाईट माणूस नाही. पण एकट्याने काही ठरवायचं म्हटलं की तो दुसऱ्या कोणाला तरी विचारायला धावतो. त्याने मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, ज्येष्ठ दामूकाका यांना बोलावलं. मग काय, अशा नात्याविषयीची म्हणून माझ्यातली तीच सहा वचनं उघडून दर रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं.

"दोन हजार वरसांत मंडळीनं असं लगीन एकदाबी मानलं नाय," दामूकाका म्हणाले.

मेघालीचा भाऊ धीरज मोबाईलवर वाचून तयार होता. "काका, पयली कितीतरी शतकं लग्नाला धर्मगुरू लागायचाच असंबी नव्हतं. आणि दोन पुरुषांना जोडणारी प्रार्थना होती, असं काही अभ्यासक सांगतात."

"ती भाऊ मानायची प्रार्थना! दुसरे अभ्यासक तेच सांगतात, तेबी वाच की."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, म्हणून तर भांडण संपेना. चर्चमधलं लग्न कोणी मागितलंच नव्हतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! मेघाली तिथेच बसलेली असायची. दोन हजार वर्षांची उजळणी झाली, पण "तू कशी आहेस गं?" असं तिला कोणी विचारलं नाही. तिची आई मंदा चहा देऊन आत जायची.

आठव्या रविवारी दामूकाकांनी माझं ते पहिलं पान उघडलं. "हे बघ. मंडळीनं न मानलेलं एक नाव हाय का हितं?"

धीरजने पान उचलून ट्यूबलाईटसमोर धरलं. वरून तिसऱ्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. उजेडात खालची अक्षरं दिसली. "रखमा," त्याने वाचलं. "नाय कसं, काका? झाकून ठेवलंय."

"बाबा, ही कोण?" मेघालीने विचारलं.

"माझी थोरली भैण," आत्माराम खाली बघत म्हणाला.

रखमा दातिवऱ्याच्या एका हिंदू मच्छीमाराबरोबर निघून गेली होती. नागोरावांनी दुसऱ्याच दिवशी ती पट्टी लावली. भाताच्या पेजेची खळ करून दिली ती आत्मारामनेच. तेव्हा तो बारा वर्षांचा होता, खळ ढवळताना रडत होता. ती परत या दारात आली नाही, आणि तिला बोलवायलाही कोणी गेलं नाही.

दामूकाका चप्पल घालून निघून गेले. मला वाटलं, आता तरी आत्माराम पेन उचलेल.

"बाबा, लिवता ना?" मेघाली म्हणाली.

"पान भरलंय," आत्माराम म्हणाला.

मला तोंड असतं तर किंचाळलो असतो. अरे, अकरा ओळी मोकळ्या आहेत! मेघालीने त्या मोकळ्या ओळींवरून सावकाश बोट फिरवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग मला मिटून टेबलावर ठेवलं आणि पालघरच्या बसला निघून गेली.

त्याला तीन आठवडे झाले. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. मंदा बोलते. शेवटी पोरगी विचारते, "बाबा हायत का गं?" मंदा फोन पुढे करते. आत्माराम मला झटकन उचलून तोंडासमोर धरतो आणि वाचत असल्यासारखं करतो.

"वाचतायत," मंदा सांगते.

आज तर त्याने मला उलटा धरला आहे. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पानांवर पडतंय, आणि पलीकडे ती अजून फोन धरून आहे. आत्माराम, लोकांनी माझ्यावरून आजवर पुष्कळ वाद घातले, तेही सोसले. पण माझ्याआड लपू नकोस. मला खाली ठेव आणि तिच्याशी बोल.